इंजिनाच्या शंभरीचा आहेर

आमच्या राजेश्वरीचं लग्न दोनदा ठरून एकदा झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. राजेश्वरी म्हणजे माझी नात. वैशाखात ती सासरी गेली, आणि त्याच वर्षी तुळशीची लग्नं उरकल्याबरोबर मी चौदा टनांचं इंजिन वाचवायला निघालो.

आधीच सांगून ठेवतो, इंजिन वाचवायची युक्ती माझी होती आणि ती पक्की होती! आजही मला तिच्यात कुठं खोट सापडत नाही. जे काही झालं ते टॉवेलांमुळं झालं.

आमच्या लोहारा तालुक्यात आजवर कधी रेल्वे आली नाही. पण इंजिन आहे. म्हणजे होतं. म्हणजे थोडं आहे. तिकडं बार्शीच्या बाजूला पूर्वी छोटी गाडी धावायची. तिथलं एक जुनं इंजिन आमच्या शिवारातल्या साखर कारखान्यानं विकत घेतलं आणि वजनकाट्यापासून ऊस टाकायच्या गव्हाणीपर्यंत उसाच्या वाघिणी ओढायला लावलं. रूळ सगळे मिळून दीड किलोमीटर. त्या दीड किलोमीटरवर मी बावीस हंगाम फायरमन होतो, म्हणजे भट्टीत कोळसा टाकायचो. ड्रायव्हर होते सिद्रामप्पा. बावीस हंगामांत त्यांनी मला एकदाही बरं म्हटलं नाही. "ज्ञान्या, फावडं हाय त्ये! पळी न्हवं!" एवढंच ऐकत माझी नोकरी संपली. पुढं कारखानाही बंद पडला.

आता सिद्रामप्पा एक्याण्णव वर्षांचे. डोळे गेलेले. मी रोज सांजच्याला त्यांच्या घरी जायचो. ते बाजेवर बसलेले असायचे आणि पावलांच्या आवाजावरून ओळखून विचारायचे,

"ज्ञान्या, इंजिन हाय न्हवं जाग्यावर?"

"हाय की आप्पा."

"गंज?"

"जरासा."

"हं. सूनबाई, भाकरी आण."

रोज हेच. त्यांची सून महेश्वरी मला म्हणायची, "काका, तुमी आल्याबिगर मामंजी घास घेत न्हाईत. एक दिस तुमी नळदुर्गाला गेलता, तर रातभर उपाशी ऱ्हायले बघा."

म्हणजे इंजिनावर म्हाताऱ्याची भाकरी चालली होती. आणि तुळशीच्या लग्नानंतर चौथ्या दिवशी त्या इंजिनावर एक माणूस खडूनं आकडे लिहीत बसलेला मला दिसला.

त्याचं नाव श्रीमंत. सोलापूरकडचा भंगारवाला. बंद कारखान्याचं सगळं लोखंड लिलावात त्यानं घेतलं होतं. बरोबर गॅसच्या टाक्या, कटर आणि सहा माणसं.

"काय लिव्हताय?" मी विचारलं.

"वजन, बाबा. चौदा टन धरलंय."

"अवो, इंजिन हाय त्ये!"

"आमच्यात लोखंड म्हंत्यात."

"शंभर वर्षाचं हाय! बघा, पितळंच्या पट्टीवर लिव्हलंय. एकोणीसशे पंचवीस."

"पट्टी पितळंची हाय व्हय?" असं म्हणून त्यानं पट्टीवर वेगळी खूण केली.

मी विचारलं, सोडायचं झालं तर काय घ्याल? तो म्हणाला, तीस रुपये किलो. कांद्याच्या पोत्यावर बसलेला माणूस सांगतो तसंच! चौदा टनांचे चार लाख वीस हजार. "आदी कारखान्याचे बॉयलर कापायचेत, मंग चरक. इंजिनाची पाळी पंधरा दिसांनी. तवर आणा, न्हायतर माझा कटर हाय अन् त्ये हाय."

तो माणूस वाईट नव्हता, पण तिथं गावातली आठ-दहा माणसं उभी होती आणि त्यांच्यासमोर मला जोर चढला. मी म्हणालो, "पंधरा दिसांत पैसं आणतो! न्हाय आणलं तर मिशी उतरवतो!"

माझी मिशी त्या वेळी तालुक्यात मोजक्या मिशांपैकी होती.

आधी मी पावतीपुस्तक घेऊन वर्गणीला निघालो. चार दिवसांत तेराशे चाळीस रुपये आणि साठ-सत्तर सल्ले जमले. सल्ला देणाऱ्यानं चहाही पाजला. रुपये देणाऱ्यानं दारातूनच दिले.

पाचव्या दिवशी दुपारी मी ओसरीवर बसलो असताना माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडचा माणूस वर्गणी चुकवतो, पण आहेर चुकवत नाही! कुणाच्या लग्नात कुणी आपल्याला काय दिलं, हे त्याला पोटच्या पोराच्या वाढदिवसापेक्षा पक्कं आठवतं, आणि ते परत केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आता मी आणि द्वारकाबाईनं, म्हणजे माझ्या कारभारणीनं, माकणीपासून नळदुर्गापर्यंत पन्नास वर्षं एकही लग्न सोडलं नव्हतं. प्रत्येक ठिकाणी आहेर. आणि आमच्या घरचं शेवटचं कार्य म्हणजे राजेश्वरीचं लग्न, त्यात आमच्या रणधीरनं, मास्तर झालाय ना तो, पत्रिकेखाली छापून टाकलं, 'कृपया आहेर आणू नये'! पन्नास वर्षं पेरलं आणि सुगीच्या दिवशी पोरानं बांधावर बंदीची पाटी लावली. म्हणजे सगळ्या तालुक्याकडं आमचा आहेर राहिलेला. फक्त एक कार्य काढायची खोटी.

"इंजिनाची शंभरी करायची!" मी द्वारकाबाईला म्हणालो.

ती मेथी निवडत होती. "इंजिनाची? लोक हसतील की वो."

"हसू दे. हसत हसत आहेर आणतील. सगळा इंजिनाला लावायचा."

"पर अवो, लोक आहेर म्हंजी काय आणत्यात, त्ये तरी..."

"आहेर आणत्यात! आनी काय आणतील?"

ती आणखी काहीतरी सांगत होती. पण लोहाऱ्याची जीप उभी होती आणि मी चढलो.

लोहाऱ्यात पत्रिका छापायचं दुकान निकिता नावाची मुलगी चालवते. कॉम्प्युटरवरून मान न उचलता तिनं विचारलं, "आजोबा, लग्नाची का वास्तुशांतीची?"

"इंजिनाच्या शंभरीची."

"बरं. कुलदैवत कुठलं टाकू?"

इंजिन विलायतेहून आलेलं. त्याचं कुलदैवत कुठून काढायचं? शेवटी माझी तुळजाभवानी आणि सिद्रामप्पांचा सिद्धेश्वर, दोन्ही टाकायला सांगितले.

"खाली 'आमच्या इंजिनआजोबांच्या शंभरीला यायचं हं' असं लहान मुलांच्या नावानं घेऊ?"

"घे."

"आणि शेवटची ओळ आहेर आणू नये..."

"काढ ती!" मी एवढ्यानं ओरडलो की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावला. "काढ आनी उलटं लिव्ह. आहेर अवश्य आणावा."

तेव्हा तिनं मान उचलली. "असं कुणी छापत नाही, आजोबा."

"म्हणून तर म्या छापतोय!"

छापलेली पत्रिका मी तिथंच उभा राहून वाचली. मी एक्कावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकलो, साक्षरतेच्या वर्गात. लहानपणी शिकलेली माणसं वाचताना शब्द गिळतात. मी एक काना सोडत नाही. दोनदा वाचली. चूक एकही नव्हती. सातशे पत्रिका घेतल्या आणि जीपनं, एसटीनं, पायी, जमेल तशा सगळीकडं वाटल्या.

तिसऱ्या दिवशी नळदुर्गहून मेहुण्याचा फोन. "दाजी, इंजिनाला धोतर आणू का लुगडं?"

"म्हंजी?"

"गडीमाणूस धरायचं का बाईमाणूस? आहेर तसा आणावा लागतोय न्हवं?"

आता इथं मी सरळ म्हणायला पाहिजे होतं की पाकीट आणा. पण तोंडानं पैसे मागायचे म्हणजे लाज वाटते हो! निमंत्रण देणाऱ्यानं पैसे मागितले असं आमच्याकडं झालेलं नाही. मी म्हणालो, "काय बी आणा, पर आणा!" माझं हे वाक्य तालुकाभर फिरलं. तेच मला भोवलं.

शंभरीच्या दिवशी इंजिन धुऊन, तेलाचा हात मारून, झेंडूच्या माळा घालून उभं केलं. भोवती मांडव. श्रीमंतनं जागा वापरायला हरकत घेतली नाही. त्यालाही पत्रिका दिली होती. सिद्रामप्पांना जीपमध्ये घालून आणलं आणि इंजिनाच्या मोठ्या चाकाशेजारी खुर्चीवर बसवलं. त्यांना भंगाराचं काही माहीत नव्हतं. सांगायचं नाही, असं सगळ्या गावाला मी बजावलं होतं. ते चाकावर हात ठेवून बसले होते, जावयाच्या पाठीवर ठेवावा तसा.

बुंदी, चपाती, वांग्याची भाजी, वरण-भात. साडेसहाशे माणूस जेवलं! मी माईकशेजारी उभा. मनात म्हटलं, साडेसहाशेंनी सातसातशे जरी दिले तरी काम झालं. मग माईकवाल्यानं आहेर पुकारायला सुरुवात केली.

"बंडप्पा कापडवाले, लोहारा, यांच्याकडून इंजिनास टावेल-टोपी!"

टाळ्या.

"सोमलिंग, माकणी, यांच्याकडून इंजिनास टावेल-टोपी!"

मी वाट बघत होतो. पाकीट आता येईल. पन्नास झाले, टॉवेल-टोपी. शंभर झाले, टॉवेल-टोपी. मध्येच एक भिंतीवरचं घड्याळ आलं तेव्हा मला भरून आलं. दोनशेनंतर मी द्वारकाबाईकडं बघितलं. ती बायकांच्या घोळक्यातून माझ्याकडं बघत होती. जीप गाठायच्या घाईत मी तिचं जे वाक्य अर्धं ऐकलं होतं, ते तिनं तिथून नुसत्या डोळ्यांनी पुरं केलं.

बरं, आहेर नुसता टेबलावर ठेवून चालत नाही. टोपी डोक्यावर घालायची, टॉवेल खांद्यावर टाकायचा, मग फोटो. इंजिनाचं डोकं कुठलं, यावर दोन मिनिटं चर्चा झाली आणि चिमणी ठरली. शिडी लावली. एकेक जण चढून चिमणीवर टोपी ठेवू लागला आणि एकेक टोपी चिमणीत खाली जाऊ लागली. चाळीसेक टोप्या इंजिनानं गिळल्यावर लोक म्हणाले, हे काही खरं नाही, फोटोत टोपी दिसत नाही. मग त्यांनी मोर्चा सिद्रामप्पांकडं वळवला. ड्रायव्हर तो इंजिनच! एकावर एक सोळा टोप्या चढल्या. खांद्यावर टॉवेलांची थप्पी. आतून आवाज आला,

"ज्ञान्या! मान मोडंल की रे!"

"सोसा आप्पा, मान हाय तुमचा!"

"मान हाय म्हणूनच मोडायलीय की!"

तेवढ्यात दुसरा घोळ. आहेर आला की आलेल्या मानाच्या माणसालाही टॉवेल-टोपी द्यावी लागते. मी काही विकत आणलेली नव्हती. म्हणून ढिगातूनच उचलून देऊ लागलो. नळदुर्गच्या मेहुण्यानं घडी हातात घेतली, वास घेतला आणि डोळे मोठे केले.

"दाजी, म्या आणलेली टोपी मलाच?"

"कशावरनं तुमची?"

"माझ्या टोपीत कापूर असतोय!"

तो रुसून बुंदी न खाता जीपमध्ये जाऊन बसला. त्याला उठवायला द्वारकाबाईला जावं लागलं. बहिणीनं हात धरून आणल्यावर त्यानं दोन वेळा बुंदी घेतली.

आणि सगळ्यात शेवटी माईकवर आलं, "श्रीमंत भंगारवाले, सोलापूर, यांच्याकडून इंजिनास टावेल-टोपी!" त्यानं चिमणीला हात जोडले. मला म्हणाला, "बाबा, झालं का पैशाचं?" मी म्हणालो, "मोजतोय."

घरी आल्यावर मोजलं. टॉवेल सहाशेच्या वर. टोप्या पावणेसहाशे, चिमणीतल्या सोडून. लुगडी बावीस, झंपरच्या कापडाचे दीडशे तुकडे, घड्याळं दोन. पाकीट एक. त्यात अकरा रुपये आणि 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'.

द्वारकाबाई टॉवेलांच्या चवडी लावत होती. एक टॉवेल तिनं उजेडात धरला.

"ह्यो आपलाच हाय."

"आपला कसा?"

"बंडप्पाच्या लग्नात आपुन दिल्ताव. निघताना माझ्या हातून हळदीच्या वाटीत पडलाता. ह्यो बघा कोपऱ्याला डाग."

बंडप्पाच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. सत्तावीस वर्षं तो टॉवेल या लग्नातून त्या लग्नात, या ट्रंकेतून त्या ट्रंकेत, सगळा तालुका फिरून आला होता. एकानंही त्यानं अंग पुसलं नव्हतं. घडी तीच!

दुसऱ्या दिवशी सगळा माल जीपच्या टपावर बांधून मी बंडप्पाच्या दुकानात गेलो.

"जोडीला अठरा देतो, ज्ञानोबा."

"अरं, तूच चाळीसला इकतोस!"

"इकताना चाळीस. घेताना अठरा. इंजिन शंभर वर्सं पळालं, त्याला तरी कुणी नव्याची किंमत देतंय का?"

मी माल परत आणला. जीपवाल्यानं टपाचं भाडं दोन्ही वेळचं घेतलं. पाच दिवस उरले होते. संध्याकाळी सिद्रामप्पांनी विचारलं, "ज्ञान्या, इंजिन हाय न्हवं?" मी म्हणालो, "हाय की." पण माझा आवाज मलाच बारीक वाटला. तिकडं कारखान्याचे बॉयलर कापून झाले होते आणि चरकाला हात लागला होता.

दोन दिवसांनी सकाळी मेहुणा दारात. नळदुर्गहून आलेला, चप्पल न काढता म्हणाला, "दाजी, उद्या साडूच्या पोरीचं लगीन हाय. दोन जोड्या द्या की."

"दुकानात न्हाईत व्हय?"

"कुठल्या दुकानात! नळदुर्गात न्हाय, लोहाऱ्यात न्हाय. समदं तुमच्या शंभरीत आलं!"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तालुक्यात फिरणारे जेवढे टॉवेल आणि टोप्या होत्या, तेवढ्या सगळ्या माझ्या घरात येऊन बसल्या होत्या! बंडप्पाच्या दुकानातल्याही लोकांनी माझ्याच शंभरीसाठी उचललेल्या, आणि त्याचा सोलापूरचा माल आठ दिवस लांब. वर लग्नसराई डोक्यावर. एकेका दिवशी पाच-पाच लग्नं, आणि नवऱ्याच्या मामाला घालायला टोपी नाही!

मी मेहुण्याला फुकट देणार होतो. द्वारकाबाईनं मला बाजूला सारलं आणि उंबऱ्यावर बसली.

"दादा, जोडीचे ऐंशी."

"अगं, आमीच फुकाट दिल्या की!"

"त्यो आहेर व्हता. ह्यो धंदा हाय. इंजिनासाठी चाललंय समदं."

मेहुण्यानं एकशे साठ मोजले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. दुपारपर्यंत दाराशी सात-आठ मोटारसायकली लागल्या. दुसऱ्या दिवशी बंडप्पा स्वतः आला, पन्नास जोड्या मागायला! द्वारकाबाई म्हणाली, "इकताना ऐंशी." तो हसला आणि दिले. ज्यांनी ज्यांनी आहेर केला होता ते ते आपलाच आहेर विकत घेऊन गेले आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शेवटी एकच जोड राहिली, हळदीच्या डागाची. ती कुणी घेईना. सांजच्याला महेश्वरी आली.

"काकू, ती द्या मला. घरात म्हातारं माणूस हाय. एक जोड असल्याली बरी."

द्वारकाबाईनं जोड तिच्या हातात ठेवली. मग म्हणाली, "डागाची हाय. पन्नास दे."

पंधराव्या दिवशी मी पिशवी घेऊन श्रीमंतकडं गेलो. बुंदीवाल्याचे, मांडववाल्याचे आणि माईकवाल्याचे देऊन हातात साडेएकोणीस हजार उरले होते. मी ते त्याच्यापुढं ठेवले. त्यानं मोजले, खडू काढला आणि पत्र्यावर भागाकार केला.

"साडेसहाशे किलो होतंय, बाबा."

"काय साडेसहाशे किलो?"

"इंजिन. तीस रुपयं भाव ठरलाय न्हवं? कुठनं कापून देऊ?"

खाटकाच्या दुकानात विचारतात तसं! मला हसावं का रडावं कळेना. पण विचार केला, चार लाख काही आभाळातून पडत नाहीत, आणि म्हाताऱ्याची भाकरी रोजची आहे. मी इंजिनाभोवती तीन चकरा मारल्या आणि मग बोट दाखवत सुटलो. सिद्रामप्पा बसायचे ती बैठक. वाफ सोडायचा रेग्युलेटरचा दांडा. ब्रेकचं हँडल. भट्टीचं झाकण. उभं राहायचा पत्रा. शिट्टी. पितळेची पट्टी. आणि शंभरीला त्यांनी हात ठेवला होता ते चाक. श्रीमंतची माणसं कापत होती आणि एकेक तुकडा काट्यावर ठेवत होती. सहाशे अठ्ठेचाळीस भरलं.

"दोन किलो राहिलं," श्रीमंत म्हणाला आणि माझं जुनं फावडं उचलून वर टाकलं. फावडं कसंही पाच किलोचं. त्यानं ते परत काट्यावर बघितलं नाही.

मग चिमणी कापली. आतून चाळीस काळ्या टोप्या पडल्या. "ह्या तुमच्या," म्हणून त्यानं त्या झटकून माझ्या पिशवीत भरल्या.

गावानं मिशीची आठवण करून दिलीच. मी न्हाव्याला म्हणालो, एकवीस हिश्श्यांतला एक हिस्सा इंजिन वाचलंय, तर मिशीचाही एकविसावा हिस्सा ठेव. तो आरशात बघून म्हणाला, "ज्ञानोबा, त्येवढ्यात दोन केस बसत्यात." मग सगळीच काढली. द्वारकाबाई म्हणाली, "बरं दिसतंय की. पन्नास वर्सं काय झाकून ठिवलंतं?"

साडेसहाशे किलो इंजिन ट्रॅक्टरनं सिद्रामप्पांच्या अंगणात आणलं. पत्र्याच्या शेडखाली जागच्या जागी उभं केलं. बैठक, समोर लोखंडी खांबावर दांडा आणि हँडल, खाली भट्टीचं झाकण, डाव्या हाताला चाक. झाकणामागं मी शेगडी ठेवली, म्हणजे धग लागावी. शिट्टीला पंक्चरवाल्याचा जुना कंप्रेसर जोडला. मग त्यांना धरून आणलं.

"आप्पा, तुमाला लांब पडतंय म्हणून इंजिनच हिकडं आणलं."

ते बैठकीवर बसले. उजवा हात न चाचपडता दांड्यावर गेला. डावा हात चाकावर. मग त्यांनी शिट्टीची दोरी ओढली.

काय ती शिट्टी! गल्लीतली कुत्री पळाली, पलीकडच्या गोठ्यातल्या म्हशीनं बादली लाथाडली. आवाज जरासा पंक्चर काढल्यासारखा होता, पण शिट्टी होती! सिद्रामप्पांनी मान तिरकी करून ऐकलं.

"वाफ कमी हाय. ज्ञान्या, कोळसा टाक!"

कोळसा कुठला? मी फावडं घेतलं आणि खालची माती उचलून पुन्हा खालीच टाकली. नुसता खर्र खर्र आवाज. "अजून टाक!" अर्धा तास! वय वर्षं शहात्तर, आणि मी सुक्या अंगणात फावडं मारतोय. शेजारीपाजारी भिंतीवरून बघत होते. मग म्हातारबा उठले आणि म्हणाले, "सूनबाई, भाकरी आण."

तेव्हापासून रोज. मी सांजच्याला जायचो, शिट्टी व्हायची, मी अर्धा तास फावडं मारायचो, ते जेवायचे. इंजिन हाय का, हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. माझी मात्र कंबर धरली. द्वारकाबाई तेल चोळताना म्हणायची, "पगार तरी मागा."

पौष सरत आला होता. एका सांजेला फावडं मारता मारता मी वाकलो तो तसाच राहिलो. सिद्रामप्पा दांड्यावर हात ठेवून बसले होते.

"ऱ्हाऊ दे, ज्ञान्या."

"वाफ झाली का आप्पा?"

"म्या आंधळा हाय. येडा न्हाय."

मी फावडं टेकवलं.

"म्होरं बॉयलर असता तर तोंडावर वारं लागलं असतं का रं?"

"कवाधरनं ठावं हाय तुमाला?"

"पयल्या दिसापासनं."

"मंग बोलला का न्हाईत? दीड महिना झाला की वो, माझी कंबर गेली!"

"तू फावडं बरं मारत व्हतास," सिद्रामप्पा म्हणाले. बावीस हंगामांत न म्हटलेलं! मग विचारलं, "किती उरलंय?"

"साडेसहाशे किलो."

"लई हाय की. म्या पन्नास बी न्हाय." आणि ते हसले. मग महेश्वरीला हाक मारून म्हणाले, भाकरी दोघांची आण.

पुढं त्यांच्या शिवगणाराधनेला, म्हणजे त्यांच्यातल्या दिवसकार्याला, सगळा गोतावळा जमला. जेवणं झाल्यावर घरच्यांनी मानाच्या माणसांना टॉवेल-टोपी दिली. महेश्वरीनं पहिली जोड माझ्या हातात ठेवली. घरी येऊन घडी उलगडली तर कोपऱ्याला हळदीचा डाग. द्वारकाबाईनं बघितला, मी बघितला. ती ट्रंक उघडायला उठली, पुढच्या लग्नाला ठेवायचा म्हणून. मी म्हणालो, ऱ्हाऊ दे. आणि त्यानं तोंड पुसलं. सत्तावीस वर्षांत तो टॉवेल वापरणारा मी पहिला माणूस. खरं सांगायचं तर त्याला पाणी काही टिपत नाही.

पंक्चरवाल्याचा कंप्रेसर अजून परत द्यायचा राहिलाय. चाळीस काळ्या टोप्या धुतल्या, त्यातल्या सहा निघाल्या. कुणाकडं कार्य असलं तर कळवा.

सिद्रामप्पा ड्रायव्हर मंगळवारी, ३ फेब्रुवारी २०२६ रोजी सकाळी सव्वानऊ वाजता आपल्या घरी वारले. वय एक्याण्णव. आदल्या सांजेला ते पोटभर जेवले होते.